मुलींच्या वर्गाचा बिल्ला कुठून आला?

मुलींच्या शनिवारच्या वर्गात बिल्ले आणि प्रमाणपत्रं द्यायची का, यावर आमच्या कोल्हापूरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बैठक झाली तेव्हा एका जुन्याजाणत्या काकांनी सरळ विचारलं, “हे अमेरिकेचं फॅड आपल्याकडं कशाला?” विचारण्यात राग नव्हता, काळजी होती. लहानपणी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठांतराबद्दल मिळालेली रंगीत चित्रांची कार्डं त्यांनी अजून पेटीत जपून ठेवली आहेत. उपासनेनंतर मी त्यांच्याशी बोलले, तेव्हा ती कार्डंसुद्धा कधीकाळी अमेरिकेहूनच जहाजाने यायची हे आम्ही दोघांनी मिळून आठवलं. मी हा वर्ग चालवते. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं, म्हणून हे टिपण.

मुलांना चर्चमध्ये शिकवायचं आणि शिकलेल्याला काहीतरी हातात द्यायचं, ही रीत शब्बाथशाळेइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये रविवारची शाळा सुरू केली. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या पोरांना रविवार तेवढा मोकळा मिळायचा, म्हणून शाळा रविवारी. तिथे नीट येणाऱ्या मुलांना पुस्तकं, कंगवे, बूट दिले जात. गरज आणि बक्षीस तेव्हा वेगळं नव्हतं. पुढे अमेरिकेत १८७२ मध्ये सगळ्या शब्बाथशाळांसाठी एकच धडामालिका ठरली आणि प्रत्येक धड्याला एक वचन पाठ करण्यासाठी नेमलं गेलं. आपल्याकडे त्यालाच ‘सोनेरी वचन’ म्हणतात. भारतातल्या शब्बाथशाळांची संघटना १८७६ मध्ये अलाहाबादला उभी राहिली. वचन पाठ केलं की कार्ड, वर्षभर हजेरी लावली की पिन, त्या पिनेखाली दरवर्षी एक पट्टी. ही साखळी काकांच्या पेटीपर्यंत येऊन पोचते.

पण कोल्हापूरची गोष्ट शब्बाथशाळेपाशी सुरू होत नाही. ती साध्या रोजच्या शाळेपाशी सुरू होते, आणि त्या शाळेवरून एक मोठं भांडण झालं होतं.

रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात. स्टेशनजवळचं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. ज्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनसंस्थेने त्यांना पाठवलं होतं, तिचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या पाहणीवर आले. शाळांवर पैसा आणि माणसं खर्च करू नयेत, देशी भाषेत सुवार्ता सांगण्यावर भर द्यावा, असं त्यांचं मत. वाइल्डर यांना ते पटलं नाही. १८६१ मध्ये त्यांनी मिशन शाळांच्या बाजूने एक पुस्तकच लिहिलं आणि त्याच सुमाराला बोर्डाचा आधार सोडून, स्वतःच्या हिमतीवर, ते कोल्हापूरला परतले. जवळजवळ दहा वर्षं त्यांनी हे काम स्वतंत्रपणे चालवलं. १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. मग रत्नागिरी १८७३, पन्हाळा १८७७, सांगली १८८४, मिरज १८९२ अशी ठाणी वाढत गेली.

या भांडणाचा आमच्या वर्गाशी संबंध काय? माझ्या मते फार जवळचा. शाळा बंद झाली असती तर नुकसान मुलींचं सगळ्यात जास्त झालं असतं. मुलगे कुठेतरी, कुणाच्या तरी हाताखाली शिकलेच असते. मुलींना दुसरा दरवाजा नव्हता. मिशनच्या मुलींच्या शाळा बहुतेक मिशनरी बायकांच्या अंगावर असत. वाचन, हिशेब, शिवण, गाणं आणि शास्त्रपाठ हा त्यांचा ठरलेला क्रम. वर्षाअखेरीला चोळीचं कापड किंवा परदेशाहून आलेल्या बाहुल्या बक्षीस म्हणून वाटल्या जात. आज आम्ही शनिवारी जे करतो त्यातलं निम्मं त्या क्रमात आधीच आहे. कोल्हापुरात एस्तेर पॅटन या मिशनरी बाईंच्या नावाने शाळा आजही उभी आहे. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आज्या मिशनच्या शाळांत आणि बोर्डिंगात वाढल्या.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. गावोगावच्या मंडळ्यांतली पुष्कळ कुटुंबं महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेली होती. गावाने त्या घरच्या मुलीला तिच्या नावाने हाक मारलेली नव्हती. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव लिहिलं गेलं आणि रोज सकाळी ते मोठ्याने वाचलं जाऊ लागलं. बिल्ला फार नंतर आला. पहिला मान हा नावाचा होता, असं मला मनापासून वाटतं आणि वर्ग चालवताना मी त्याच गोष्टीला धरून असते.

हे काम मिशनच्या कुंपणाआतच राहिलं असं मात्र नाही. कोल्हापूर संस्थानात मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी रखमाबाई केळवकर यांनी सांभाळली, त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. या शहरात मुलीला पुढे आणणं ही कुणा एका धर्माची मक्तेदारी नव्हती. आपल्या मंडळीतल्या लोकांनी हे विसरू नये.

वाइल्डर यांच्या घरातली आणखी एक गोष्ट मी मुलींना दरवर्षी सांगते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. तिथे शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याला जाण्याची तयारी दाखवली आणि त्यातून मोठी विद्यार्थी चळवळ उभी राहिली. त्यात रॉबर्टचं नाव सगळे घेतात. त्याची बहीण ग्रेस मात्र त्याच्या आठ वर्षं आधी, १८७८ मध्ये, माउंट होल्योक या मुलींच्या विद्यालयात हेच करून बसली होती. प्रभू बोलावील तिथे, परदेशातसुद्धा, त्याचं काम करायची आमची तयारी आहे, अशी प्रतिज्ञा तिने आणि तिच्या मैत्रिणींनी सह्या करून घेतली होती. पुढे ती इकडे परतली आणि इस्लामपूर भागात राहिली. भावाच्या चळवळीचं बी बहिणीच्या वहीत होतं, हे सांगितलं की वर्गातल्या मोठ्या मुली ताठ बसतात.

आता संघटित उपक्रमांकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ख्रिस्ती जगात मुलींसाठी एकामागून एक संस्था निघाल्या. इंग्लंडात १८७५ मध्ये घरापासून दूर नोकरीला आलेल्या मुलींसाठी ‘गर्ल्स फ्रेंडली सोसायटी’ निघाली. अमेरिकेत १८८१ मध्ये ‘ख्रिश्चन एंडेव्हर’ निघालं. ते मुलींपुरतं नव्हतं, पण त्यातली एक अट मुलींसाठी फार मोलाची ठरली: दर सभेत प्रत्येक सभासदाने नुसतं गाण्यापलीकडे काहीतरी भाग घ्यायचाच. म्हणजे मुलीलाही तोंड उघडून बोलावं लागे. १८८३ मध्ये ग्लासगोत मुलग्यांचं ‘बॉइज ब्रिगेड’ आलं आणि दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, डब्लिनमधल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये ‘गर्ल्स ब्रिगेड’. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या तशाच दोन संस्था १९६५ मध्ये त्यात मिळाल्या. आध्यात्मिक, शारीरिक, शैक्षणिक आणि सेवा हे त्यांचे चार भाग. येशू ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला, असं बायबलमधल्या लूकच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी म्हटलं आहे. चार अंगांनी वाढ ही कल्पना त्या एका ओळीवर उभी आहे.

बिल्ल्यांची लाट खरी आणली ती गर्ल गाइड्सनी. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काउटांच्या मेळाव्याला मुली न बोलावता गेल्या, आम्हालाही हे हवं म्हणाल्या, आणि पुढच्याच वर्षी गाइड्स सुरू झालं. १९११ मध्ये जबलपूरला भारतातली पहिली तुकडी निघाली. सुरुवातीला ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरती होती. भारतीय मुलींना १९१६ पासून प्रवेश मिळाला. स्वातंत्र्यानंतर ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ झालं आणि लहान मुलींच्या बुलबुल पथकाला कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख अशा देखण्या नावांचे टप्पे मिळाले. आमच्या काही मुली शाळेत बुलबुल आहेत. त्यामुळे टप्पा, चाचणी, बिल्ला हे शब्द मला त्यांना समजावून द्यावे लागले नाहीत. उलट त्यांनीच मला समजावले.

अमेरिकेतल्या चर्चांनी याच्या पुढे जाऊन स्वतःच्या पायऱ्या घातल्या. सदर्न बॅप्टिस्ट स्त्रियांनी १९१३ मध्ये मुलींसाठी एक मंडळ काढलं. त्यात पायरी पायरीने मुलगी ‘मेडन’पासून ‘लेडी इन वेटिंग’, ‘प्रिन्सेस’ आणि ‘क्वीन’पर्यंत चढे. शास्त्रपाठ, मिशनचा अभ्यास आणि सेवेची कामं पूर्ण झाली की पांढरा झगा आणि मुकुट घालून चर्चमध्ये राज्याभिषेक होई. असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाने १९५६ मध्ये ‘मिशनेट्स’ सुरू केलं. त्यात पुढे वयोगटांप्रमाणे वर्ग झाले आणि ठरलेलं बायबलवाचन व पाठांतर पूर्ण करणाऱ्या मुलीला ‘ऑनर स्टार’ मिळू लागला. मुलग्यांचा तसा उपक्रम, ‘रॉयल रेंजर्स’, १९६२ मध्ये आला. म्हणजे या वेळी मुली सहा वर्षं पुढे होत्या.

कॅनडातल्या चर्चांनी मात्र वेगळी वाट धरली, आणि मला तीच सगळ्यात विचार करायला लावते. तिथल्या प्रोटेस्टंट चर्चांनी आणि वायडब्ल्यूसीए या तरुण स्त्रियांच्या ख्रिस्ती संस्थेने मिळून १९१५ मध्ये ‘कॅनेडियन गर्ल्स इन ट्रेनिंग’ हा उपक्रम उभारला. गाइड्सची बिल्ल्यांची चढाओढ त्यांना नको होती. त्यांनी लहान लहान गट केले, आठवड्याच्या मधल्या दिवशी जमायचं ठरवलं, काय करायचं ते मुलींनाच ठरवू दिलं. पांढरा ब्लाउज आणि निळा टाय एवढी खूण ठेवली. चार अंगांची वाढ त्यांनीही घेतली, फक्त मोजमाप टाळलं.

काकांच्या मनातली काळजी हीच होती, हे मला कॅनडाची हकिगत वाचल्यावर कळलं. पाठांतर भराभर होणारी मुलगी बिल्ले गोळा करते, आणि जिच्या घरी अभ्यासाला कोपराही नाही ती मागे राहते. सुरुवातीच्या वर्षी आमच्याकडेही तसंच झालं. एक मुलगी बायबलमधलं स्तोत्र २३ अडखळत म्हणायची. तिला दोन महिने काहीच मिळालं नाही आणि मग ती यायचीच थांबली. तिच्या घरी गेले तेव्हा कळलं, धाकट्या भावाला सांभाळत ती इतर मुलींच्या चपला आणि छत्र्या नीट लावून ठेवायची, आणि हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती चूक माझी.

त्यानंतर आम्ही क्रम बदलला. पाठांतर राहिलं, कारण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आणि इतरांची भजनं, वचनं तोंडपाठ असणं हा मराठी मंडळीचा वारसा आहे आणि दुखण्याखुपण्यात तेच उपयोगी पडतं. पण त्याच्या बरोबरीने हातचं काम आणि सेवा आली. शास्त्रात दुर्कस नावाची बाई विधवांसाठी अंगरखे शिवायची. तिची गोष्ट शिकवायची आणि शिवणाचा टाका शिकवायचा नाही, हे मला पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने अर्धं शहर वेढलं तेव्हा याच मुलींनी बिस्किटं, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड यांची पाकिटं बांधली. त्या वर्षीचे सगळे बिल्ले आम्ही त्या कामाचे दिले, एकीलाही वगळलं नाही.

राणीचा मुकुट आम्ही घेतला नाही. कोल्हापूरच्या मुलीला राणी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे ताराराणी चौकातली, उधळलेल्या घोड्यावरची तलवारवाली येते. ती मला पुरेशी आहे.

एक बदल मात्र बाहेरून आला आणि चांगला आला. २०१२ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाविरोधी पॉक्सो कायदा झाला. आता वर्गात कायम दोन मोठ्या बायका असतात, कुठलीही मुलगी एकटी कुणाबरोबर पाठवत नाही, सहलीला पालकांची लेखी संमती लागते. पूर्वी विश्वासावर चालायचं. मुलींच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, हे मंडळीने मान्य केलं.

आणि प्रमाणपत्राचा मजकूरही बदलला. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. आमच्या मुली त्याआधी जन्मलेल्या, नियम त्यांना लागू नाही. तरी मी छापखान्यात सांगितलं: आधी मुलीचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. नाताळाआधीच्या रविवारी पाळकांनी वेदीपाशी उभं राहून तशीच नावं वाचली. दुसऱ्या बाकावर बसलेली एक आई, आपलं नाव ऐकून, मुलीच्या आधीच उठून उभी राहिली.