फिल्म न्वार

फिल्म न्वार : (फ्रेंच, शब्दशः ‘काळा चित्रपट’). साधारणतः १९४० ते १९५८ या काळातील, गुन्हा व अधःपतन हे विषय असलेल्या हॉलिवूडच्या कृष्णधवल चित्रपटांना दिलेली संज्ञा. तो चित्रप्रकार की केवळ शैली, याबद्दल एकमत नाही.

युद्धकाळात अडलेले अमेरिकन चित्रपट १९४६ च्या उन्हाळ्यात पॅरिसला एकदम झळकले. त्यांवर समीक्षक नीनो फ्रांक यांनी ऑगस्टमध्ये लिहिलेल्या लेखात ही संज्ञा प्रथम आली, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. गाल्लिमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ (१९४५) या रहस्यकथामालेवरून ती सुचली असावी. तथापि १९३९ पूर्वीच फ्रेंच वृत्तपत्रे काही फ्रेंच चित्रपटांना हेच विशेषण, बहुधा निंदेने, लावीत असत, हे चित्रपट-अभ्यासक चार्ल्स ओब्रायन यांनी दाखविले आहे. फ्रांक यांनी ती अमेरिकन चित्रपटांना लावली, इतकेच म्हणणे सयुक्तिक ठरते. बोर्द व शोमतों या फ्रेंच समीक्षकांच्या ग्रंथाने (१९५५) ती रूढ झाली. हॉलिवूडचे लोक मात्र या चित्रपटांना ‘मेलोड्रामा’च म्हणत.

दाट सावल्यांची प्रकाशयोजना जर्मन अभिव्यक्तिवादातून (वास्तवापेक्षा मनोवस्था विकृत आकार व छायाप्रकाशातून दाखविणाऱ्या कलासंप्रदायातून) आली, असे मानतात. लांग, सिओडमाक, वाइल्डर हे दिग्दर्शक बर्लिनहून आलेले होते. हे मत एकांगी वाटते. बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’चे (१९४४) छायालेखक जॉन सीट्झ शिकागोचे, मूकपटांत मुरलेले. खिडकीच्या पट्ट्यांतून आलेल्या उन्हात धूळ दिसावी म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमचे कण हवेत उडविले.

या चित्रपटाच्या आरंभीच जखमी विमा-विक्रेता ध्वनिमुद्रकापुढे कबुली देतो : पैशासाठी आणि बाईसाठी खून केला, दोन्ही हाती लागले नाही. खुनी कोण हे कोडे उरत नाही. हुशार माणूस पायरी-पायरीने कसा अडकला, एवढेच पाहायचे असते. प्रेक्षक मनातून त्याच्याच बाजूचा होतो. प्रेत टाकून निघताना मोटार सुरू होत नाही, तेव्हा प्रेक्षकही श्वास रोखतो. गुन्हेगाराला शासन व्हावे हा तत्कालीन निर्मितिसंहितेचा (हॉलिवूडने चित्रपटांवर घातलेल्या नैतिक नियमांचा) दंडक होता. तो या कथांना जाचला नाही, उलट नियतीसारखा उपयोगी पडला. वाइल्डर यांनी विमा-विक्रेत्याच्या देहदंडाचा प्रसंग चित्रित करूनही वगळला.

हिंदीत ‘बाझी’ (१९५१) व ‘सी.आय.डी.’ (१९५६) या मुंबईत घडणाऱ्या चित्रपटांवर हा प्रभाव दिसतो. गाण्यांमुळे त्यांचा काळोख सौम्य झाला आहे.