वैद्यकीय उपकरणांतील नवनिर्मिती

रोगनिदान, उपचार किंवा गमावलेल्या अवयवाची पूर्तता यांसाठी लागणारे साधन नव्याने घडवण्याची वा मुळातून सुधारण्याची प्रक्रिया. तिचा उगम बहुधा रुग्णाच्या खाटेपाशी होतो. प्रयोगशाळा नंतर येते.

भारतातील ठळक उदाहरण जयपूर फूट या कृत्रिम पावलाचे. त्यापूर्वीचे परदेशी धाटणीचे कृत्रिम पाऊल बुटात घालावे लागे आणि घोट्यात पुरेसे वळत नसे. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलातून अनवाणी चालणे यांपैकी काहीच त्याने जमत नसे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात साधारणतः १९६८ च्या सुमारास तयार झालेल्या पावलात लाकूड, सच्छिद्र रबर आणि टायरचे दोरायुक्त रबर साच्यात भरून, तापवून एकजीव करतात. त्याच्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. अस्थिशल्यविशारद प्र. क. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला व बराच काळ त्यांचेच नाव पुढे राहिले. मूळ कल्पना आणि साचा कारागीर रामचंद्र शर्मा यांचा, असे दुसरे मत आहे. टायरच्या दुकानात रबर तापवताना पाहून त्यांना ती सुचली, असे सांगतात. ही कथा तपशिलात वेगवेगळी आढळते. तरी शर्मांचा वाटा केवळ मदतनिसाचा मानणे अन्यायाचे होईल. घोट्याची हालचाल सेठी जाणत होते, ती रबरात उतरवण्याचा हात शर्मांचा होता.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संशोधन संस्थेतील कृत्रिम हृदयझडपेचे पहिले तीन नमुने बाद झाले. त्यांपैकी एकात नीलमण्याच्या कठीण तबकडीने टायटॅनियमचा सांगाडा झिजवला. साहित्यांची जोडीच बदलून केलेला चौथा नमुना टिकला व डिसेंबर १९९० मध्ये रुग्णावर प्रथम बसवला गेला.

बडोद्यात अशा कामाला लागणारी घडण जुनी आहे. तिसऱ्या सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात रंगाई व यंत्रकाम हाताने करवून शिकवत. १९४९ मध्ये ते महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले; त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आणि सयाजीराव रुग्णालय त्याला जोडलेले आहे. कारखाना शिकवणारे व रुग्ण तपासणारे असे एका विद्यापीठात आले, ही या शहराची मोठी जमेची बाजू होय.

भारतात १ जानेवारी २०१८ पासून लागू असलेल्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीनुसार चार वर्ग आहेत. हृदयझडप सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडते.