शिकारीच्या गेममध्ये नीती कुठून आली?

‘द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड’ या स्वीडिश गेममध्ये २०२४ साली ‘सुंदरपाटन’ नावाचं नेपाळी शिकारक्षेत्र आलं. क्षेत्र काल्पनिक आहे, पण तिथली जनावरं आपल्या ओळखीची आहेत: नीलगाय, काळवीट, बारशिंगा, हिमबिबट्या आणि पट्टेदार वाघ. गेमची शिस्त कडक आहे. जनावराच्या आकाराला साजेशी गोळी वापरली नाही, बार हृदयात किंवा फुफ्फुसात बसला नाही, एकाऐवजी चार गोळ्या झाडाव्या लागल्या, तर शिकारीची किंमत घसरते. एकाच जागी फार जनावरं मारली तर उरलेली तिथून निघून जातात. पुण्यात बसून हा गेम खेळणाऱ्या मुलाला वाघ कसा मारावा याचे इतके नियम शिकायला मिळतात. वाघ मारावा का, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही. भारतात वाघाच्या शिकारीवर १९७० पासून बंदी आहे आणि नेपाळमध्येही वाघ कायद्याने संरक्षित आहे.

खऱ्या शिकारीची नीती गेमने पाळावी का, या वादात हे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. कसं मारायचं, या प्रश्नाचं उत्तर गेमवाल्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बऱ्याच प्रामाणिकपणे शोधलं आहे. मारायचं की नाही, या प्रश्नाला बहुतेकांनी हातच लावलेला नाही. असं का झालं हे कळायचं तर आधी खऱ्या शिकारीचा इतिहास पाहावा लागतो.

आपल्याकडे शिकार ही राजाची मौज होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचं वर्णन येतं. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना, म्हणजे रानटी जनावरं पाळण्याची जागा होती. गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने १७९० च्या सुमारास तिथला गेंडा समोर बघून चितारला होता. कोल्हापूर संस्थानात तर चित्त्याकडून काळवीट मारवण्याची प्रथा विसाव्या शतकापर्यंत चालली. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते मागवण्यात आले, पण प्रथा थांबली नाही.

शिकारीभोवती सभ्यतेच्या नियमांची चौकट उभी केली ती इंग्रज अधिकाऱ्यांनी. बसलेल्या पाखरावर बार टाकायचा नाही, मादीला शक्यतो सोडायचं, घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारताना डुकरिणीच्या मागे लागायचं नाही. सगळ्यांत महत्त्वाचा नियम जखमी जनावराचा. वाघाला गोळी लागली आणि तो झुडपात शिरला, तर माग काढून त्याला संपवणं ही गोळी घालणाऱ्याची जबाबदारी. तसाच सोडून छावणीत परतणं बेअब्रूचं मानलं जाई, कारण तो वाघ पुढे गुराख्यावर किंवा लाकूडफाट्याला गेलेल्या बाईवर जाऊ शकत असे. या नियमात खरी माणुसकी आहे आणि आजही मला तो शिकारीच्या सगळ्या नीतीचा गाभा वाटतो.

पण ही चौकट सगळ्यांसाठी नव्हती. फासे आणि वाघुरी (जाळी) लावून तितर, लावे, ससे धरणारा पारधी तिच्यात बसत नव्हता. साहेबाने मचाणावरून मारलेला वाघ हा मर्दानी खेळ ठरला आणि पारध्याने पोटासाठी धरलेला तितर ही चोरी ठरली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि पारध्यांसारख्या जमातींवर जन्मापासून संशयाचा शिक्का बसला. देशभरात हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. शिकारीची नीती कोणी लिहिली आणि कोणाला बाहेर ठेवून लिहिली, हे विसरून गेममधल्या नीतीबद्दल बोलता येत नाही. कारण गेममध्ये आलेली नीती मचाणावरची आहे. फासे लावणाऱ्याची नीती तिथे पोचलेली नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी इतकी बेसुमार शिकार झाली की कोट्यवधींनी असलेले गवे (बायसन) शेकड्यांवर आले आणि प्रवासी कबुतरांपैकी शेवटचं १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्या काळात थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला आणि जनावराला निसटण्याची संधी ठेवूनच शिकार करायची, हे तत्त्व रुजवलं. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. तिथला शिकारी परवाना काढतो, हंगाम पाळतो आणि त्याच्या पैशातून जंगलं राखली जातात. जर्मनीत तर मारलेल्या हरणाच्या तोंडात झाडाची डहाळी ठेवण्याची रीत आहे, शेवटचा घास म्हणून. शिकारीचे बहुतेक गेम युरोप-अमेरिकेच्या या जगातून आले, जिथे शिकार कायदेशीर आहे आणि नीतीचा प्रश्न ‘कसं’ इथूनच सुरू होतो.

आपण दुसरीकडे वळलो. १९४७ च्या सुमारास शेवटचे तीन चित्ते मारले गेल्याची नोंद आहे आणि १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मुंबई राज्याने १९५१ सालीच वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला होता. १९७२ च्या व्याघ्रगणनेत देशात १,८२७ वाघ निघाले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प. या कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. मारणं तर आहेच, पण पकडणं, फास लावणं, हाका घालून उठवणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या जनावरासाठी किमान तीन वर्षांची कैद, कमाल सात. म्हणजे सुंदरपाटनमध्ये गोळी झाडण्याआधीचा जो तासभराचा खेळ असतो, तोही आपल्याकडे गुन्ह्यातच मोडतो.

आता गेमकडे येऊ. प्रकाशाच्या बंदुकीने बदक पाडायचं यंत्र अमेरिकेत १९३६ सालीच होतं. सीबर्ग कंपनीचं ‘रे-ओ-लाइट’ ते. पण शिकारीतली नासाडी ठळकपणे दाखवली ती शाळेसाठी बनलेल्या एका गेमने. मिनेसोटातल्या तीन होतकरू शिक्षकांनी १९७१ साली ‘द ओरेगॉन ट्रेल’ केला, बैलगाडीने अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या प्रवासाचा. त्यात ‘बँग’ शब्द झटकन टाइप केला की शिकार मिळे. १९८५ च्या आवृत्तीत मुलं पडद्यावर गव्यामागून गवे मारत, आणि मग गेम सांगे की गाडीपर्यंत १०० पौंडच मांस नेता येईल. बाकीचं तिथेच राहिलं. गेम त्यावर उपदेशाचा एक शब्दही काढत नसे, आकडा तेवढा समोर ठेवत असे. शिकारीच्या नीतीचा इतका चांगला धडा मी नंतरच्या महागड्या गेममध्येही क्वचित पाहिला.

पुण्यातल्या घरांत शिकार आली ती ‘डक हंट’मधून. निनटेंडोचा हा १९८४ चा गेम आपल्याकडे नव्वदच्या दशकात नकली कन्सोलच्या कॅसेटवर, प्लॅस्टिकच्या बंदुकीसकट आला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्यांत नि सोसायट्यांत भावंडांनी टीव्हीच्या काचेला नळी टेकवून बदकं पाडली. त्यात नीती शोधण्यात अर्थ नाही, ती नेमबाजीच आहे. नेम चुकला की हसणारा कुत्रा मात्र अजून अनेकांच्या डोक्यात बसलेला आहे.

१९९७ साली वॉलमार्टच्या खरेदी विभागातून निघालेल्या कल्पनेवर ‘डिअर हंटर’ बनला आणि दहा लाखांवर खपला. समीक्षकांनी त्याची टर उडवली, पण कधी गेम न घेतलेल्या खऱ्या शिकाऱ्यांनी तो घेतला. पुढच्याच वर्षी कॅबेलाज या शिकारसाहित्य विकणाऱ्या दुकानसाखळीच्या नावाचा गेम आला. गेम आणि शिकारीचा बाजार इथे हातात हात घालून चालू लागले, आणि त्याबरोबर त्या बाजाराचे नियमही आत आले. २००० च्या ‘बिग बक हंटर’ या आर्केड यंत्रात मादीवर गोळी गेली की ती फेरी तिथेच संपते. छावणीतल्या इंग्रज साहेबाचा अलिखित नियम दारूच्या गुत्त्यातल्या यंत्रात असा पोचला.

मग दोन फाटे फुटले. ‘फार क्राय ३’ (२०१२) आणि ‘फार क्राय ४’ (२०१४) सारख्या गेममध्ये जनावर म्हणजे कच्चा माल झाला. चौथ्या भागातला ‘किरात’ हा कल्पित देश हिमालयात आहे आणि तिथल्या जनावरांची कातडी सोलून खेळाडू आपल्या पिशव्या मोठ्या करतो. गेंडासुद्धा त्यातून सुटत नाही. आसामात ज्याच्यासाठी वनरक्षक रात्रभर गस्त घालतात त्या जनावराची पिशवी करायला लावणारा खेळ मला आजही पटत नाही, मग तो कितीही काल्पनिक देशात घडो. दुसरीकडे ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ने (२०१८) कातड्याची प्रत जखमेवर ठरवली आणि चुकीच्या हत्याराने मारलेलं जनावर कसं तडफडतं हे दाखवायला कचरला नाही. स्लोव्हाकियातल्या नाइन रॉक्स गेम्सचा ‘वे ऑफ द हंटर’ (२०२२) आणखी पुढे गेला. त्यात कळपाची वंशावळ चालते. तरुण, चांगल्या शिंगांचे नर मारत सुटलात तर पुढच्या पिढ्यांतून चांगली शिंगंच संपतात. म्हातारा नर ओळखून त्यालाच मारणारा खेळाडू कळप सुधारतो.

अमेरिकन वनतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी शिकाऱ्याबद्दल एक गोष्ट हेरली होती. त्याला प्रेक्षक नसतात, रानात त्याचं वागणं त्याच्या सदसद्विवेकावरच सोडलेलं असतं. गेममध्ये याच्या बरोबर उलट आहे. तिथे प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवणारा पंच सतत हजर असतो. म्हणून ‘गेम आहे, त्यात नीती कशाला’ हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. गुण कशाला मिळतात आणि कशाला कापले जातात हे ठरवलं की नीती ठरली. ‘डिअर हंटर’ची ठरली होती, ‘फार क्राय’चीही ठरलेली आहे. कार्टूनसारख्या गेमकडून मी काही मागत नाही. पण जो गेम पावलांचे ठसे, वाऱ्याची दिशा आणि गोळीचा वेग खरा असल्याचं सांगून विकला जातो, त्याने जखमी जनावराचा माग सोडण्याची किंमतही खरी ठेवावी. आणि वाघ-हिमबिबट्या आणायचेच असतील तर त्यांच्यावर बंदूक रोखणं हा गुन्हा आहे, हेही गेममध्ये खरं असावं. वनरक्षक, खटला, तुरुंग, सगळं.

पुण्याने यात काही करावं असं वाटण्याला कारण आहे. ‘फार क्राय’ बनवणाऱ्या युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे, ‘इंडस’ हा गेम २०२४ साली आणणारी सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याचीच. आणि खेळाला लागणारा खरा विषय शहरापासून दोन-अडीच तासांवर आहे. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्या राहतो, तिथेच माणसंही राहतात आणि मरतातही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक बिबट्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो, पण पकडणं, भूल देणं किंवा हलवणं शक्य नाही याची खात्री पटल्यावरच. म्हणजे आधी ठसे, मग कॅमेरे, मग पिंजरा आणि त्यात बांधलेली शेळी, मग भुलीची बंदूक, आणि या सगळ्या वेळात ज्या घरातलं पोर गेलं त्या गावाचा संताप. पकडलेला बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातो. माग, वारा, अंतर, संयम, एकच नेम: शिकारीच्या गेमला लागणारं सगळं यात आहे. शिवाय ‘मारायचं की नाही’ हा प्रश्न इथे प्रत्येक पायरीवर उभा राहतो, आणि चुकीचं उत्तर दिलं तर जीव जातो, कधी बिबट्याचा तर कधी माणसाचा.