बिल वाढले म्हणजे दर वाढलाच असे नाही

पाइपच्या गॅसच्या दरावर लक्ष कसे ठेवावे: मुंबई-ठाण्यातील आमच्या ग्राहकांसाठी

आम्ही शेगड्या आणि गिझर दुरुस्त करतो. गॅस विकत नाही, त्याचा दरही ठरवत नाही. तरी शेगडी उघडून बसलो की पहिला प्रश्न हमखास येतो, "गॅस पुन्हा महागला का हो?" पुष्कळदा महागलेला नसतो, फक्त बिलाचा आकडा फुगलेला असतो. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता याव्यात, म्हणून हे पत्रक.

दर कुठून कुठे गेला

मुंबई, ठाणे, नवी मुंबईत घरगुती गॅस महानगर गॅस पुरवते आणि दर एका घनमीटरला, म्हणजे बिलावरच्या एका एससीएमला, लागतो. 2022 हे वर्ष सर्वात जड गेले. 1 एप्रिलला राज्याने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला आणि दर 36 रुपये झाला. पण त्याच दिवशी केंद्राने ठरवलेला देशी गॅसचा भाव दर एमएमबीटीयूला (उष्णता मोजायचे एकक) 2.90 डॉलरवरून 6.10 डॉलरवर गेला. करातली सवलत आठवडाभरही पुरली नाही आणि नोव्हेंबरपर्यंत दर 54 रुपयांवर पोचला. एप्रिल 2023 मध्ये तो 49 झाला, ऑक्टोबरात 47, जुलै 2024 मध्ये 48 आणि एप्रिल 2025 मध्ये पुन्हा 49.

2023 पासून चढउतार एवढे मंदावले, त्याला कारण आहे. पूर्वी देशी गॅसचा सरकारी भाव सहा महिन्यांनी ठरे. एप्रिल 2023 पासून तो दर महिन्याला, भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाच्या भावाच्या 10 टक्के धरून ठरतो आणि जुन्या विहिरींच्या गॅसला कमाल मर्यादाही आहे. सुरुवातीला ती 6.50 डॉलर होती, एप्रिल 2025 मध्ये 6.75 झाली. हा स्वस्त गॅस वाटताना घरगुती स्वयंपाकाला अग्रक्रम मिळतो. म्हणूनच नोव्हेंबर 2024 मध्ये सीएनजी दोन रुपयांनी वाढला, तेव्हा स्वयंपाकाचा गॅस होता तिथेच राहिला. रिक्षाचे भाडे वाढण्याची चर्चा ऐकून घरच्या बिलाची धास्ती घेऊ नका.

मग बिल का वाढते?

दोन महिन्यांत 30 एससीएम वापरणाऱ्या घराला एका रुपयाची दरवाढ 30 रुपयांना पडते. बिल तीनशेने वाढले असेल, तर कारण दुसरे शोधा. आधी रीडिंग पाहा. घर बंद असले की अंदाजे रीडिंग लावले जाते आणि पुढे खरे रीडिंग आले की राहिलेला फरक एकदम अंगावर येतो. मग बिल किती दिवसांचे आहे ते पाहा. मधेच दर बदलला असेल, तर एकाच बिलात दोन दर दिसतात.

आमचा आग्रह एवढाच: महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मीटरचे काळे आकडे कॅलेंडरवर लिहा, शेजारी त्या दिवशीचा दर लिहा. लाल आकडे दशांशाचे असतात, ते सोडा. सहा महिन्यांत तुमच्या घराचा खरा वापर कळेल.

बाटल्याशी तुलना करायची असेल, तर 14.2 किलोचा सिलिंडर उष्णतेच्या हिशेबाने सुमारे 18 एससीएमइतका धरा. एप्रिल 2025 मध्ये मुंबईत सिलिंडर 852.50 रुपयांना होता आणि 18 एससीएमचे 882 रुपये होत होते. म्हणजे दोन्ही आसपासच. पाइपचा गॅस पुष्कळ स्वस्त पडतो असे आम्ही तरी कोणाला सांगत नाही. नंबर लावावा लागत नाही, बाटला चढवावा लागत नाही, हा फायदा मात्र मोठा आहे.

वापरच वाढला असेल, तर ज्योत पाहा. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी पडत असेल, भांड्यांच्या बुडाला काजळी धरत असेल, तर बर्नर किंवा जेट (बर्नरखालचे गॅस सोडणारे बारीक छिद्र) साफ करायला झाला आहे.

आणि सगळ्या कळा बंद असताना मीटरचा शेवटचा लाल आकडा सरकत असेल, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका. मीटरजवळचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा.