फ्लेअर नसलेले विमान आणि समोरून येणारे क्षेपणास्त्र : वादाची पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेतल्या एका खोलीवर इंजिनिअरिंगची तीन-चार मुले रात्री लढाऊ विमानांचा ऑनलाइन खेळ खेळतात. परवा मी तिथे बसलो असताना एकाचे एफ-८६ सेबर हे १९५० च्या सुमाराचे अमेरिकी लढाऊ विमान समोरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने पडले. हेडफोन काढत तो म्हणाला, "काका, ह्याला फ्लेअरच नाहीत. चुकवायचं कसं?" फ्लेअर म्हणजे उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी विमानातून सोडलेले जळते आमिष. खेळातल्या विमानांचा समतोल बिघडला, एवढाच या तक्रारीचा अर्थ खेळाडू घेतात, प्रत्यक्षात तिचे मूळ खेळाच्या कितीतरी आधीचे आहे.

अमेरिकी नौदलाने कॅलिफोर्नियातील चायना लेक येथे विकसित केलेले साइडवाइंडर क्षेपणास्त्र २४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सामुद्रधुनीवर प्रथम युद्धात वापरले गेले. ते डागणारी विमाने तैवानची सेबर होती आणि पडणारी चीनची मिग-१७. त्या क्षेपणास्त्राच्या टोकाशी असलेला लेड सल्फाइडचा संवेदक थंड केलेला नसल्याने त्याला इंजिनाच्या तापलेल्या नळकांड्याखेरीज फारसे काही दिसत नसे. म्हणजे नेम धरायचा तो मागूनच, आणि मध्ये सूर्य आला तर क्षेपणास्त्र सूर्याकडेच वळण्याची शक्यता. अशा शस्त्रापुढे वैमानिकाने वेळेवर झपकन वळणे पुरेसे असे. तेव्हाच्या विमानांत फ्लेअर का नव्हते, याचे उत्तर बरेचसे इथेच मिळते. त्याच लढाईत न फुटता एका मिगमध्ये अडकलेले साइडवाइंडर सोव्हिएत तंत्रज्ञांच्या हाती लागले, त्यावरून के-१३ हे सोव्हिएत क्षेपणास्त्र तयार झाले आणि पुढे आपल्या मिग-२१ विमानांच्या पंखांखालीही तेच आले.

रडारला चकवणाऱ्या चॅफचा इतिहास याहून जुना आहे. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील हल्ल्यात ब्रिटिशांनी जर्मन वुर्झबुर्ग रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या, म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटर लांबीच्या धातूच्या पट्ट्या आकाशात सोडल्या होत्या.

खरी उलथापालथ १९७० च्या दशकाच्या अखेरीस साइडवाइंडरचीच एआयएम-९एल ही नवी आवृत्ती आली तेव्हा झाली. त्याचा थंड केलेला संवेदक नळकांड्याबरोबरच विमानाच्या तापलेल्या अंगाचीही ऊब ओळखू लागला, त्यामुळे समोरूनही नेम धरता येऊ लागला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांच्या सी हॅरिअर विमानांनी ते वापरले (तिथले बहुतेक मारे मात्र मागूनच झाले, हे सहसा कोणी सांगत नाही). आता नुसत्या वळण्यावर भागेना आणि फ्लेअर ही गरज झाली. त्यावर संवेदकही शहाणे झाले : फ्लेअर एकदम भडकतो आणि लगेच मागे पडतो, एवढ्यावरून तो ओळखून त्याकडे दुर्लक्ष करणारी क्षेपणास्त्रे आली.

ऑनलाइन हवाई लढाईचे खेळ १९८० च्या दशकात सुरू झाले तेव्हा त्यांत पंख्याची विमाने आणि मशीनगनच होत्या. वेग, वळण आणि बंदूक जुळवली की समतोल साधत असे. २०१२ च्या अखेरीस सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'वॉर थंडर'ची सुरुवातही अशाच विमानांच्या जोरावर झाली. तिथे प्रत्येक विमानाला एक श्रेणी-आकडा असतो, ज्याला खेळाडू 'बीआर' म्हणतात, आणि एका सामन्यातल्या सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या विमानात १.० पर्यंतचे अंतर चालते. हा आकडा संपूर्ण विमानाचा असल्यामुळे ए-१० किंवा सुखोई-२५ सारखी संथ विमाने खालच्या आकड्यावर बसतात. त्यांच्या पंखांखालची एआयएम-९एल आणि सोव्हिएत आर-६०एम ही क्षेपणास्त्रे मात्र संथ नसतात. परिणामी १९५० च्या सुमाराचे विमान तीसेक वर्षांनंतरच्या शस्त्रापुढे उभे राहते. खेळाडूंच्या भाषेत हे 'कॉम्प्रेशन', म्हणजे थोड्या आकड्यांत फार वेगवेगळ्या विमानांची दाटी.

यावर जुन्या विमानांना नसलेले फ्लेअर बहाल करा, अशी मागणी होते. मला ती पटत नाही, कारण त्याने सेबर सेबर राहत नाही आणि वाद फ्लेअरच्या संख्येवर सरकतो, जिथे आधीच पुरेशी भांडणे आहेत : ग्रिपेन या स्वीडिश लढाऊ विमानावर बसणाऱ्या, आमिषे सोडणाऱ्या बीओएल यंत्रांत प्रत्येकी १६० पुड्या मावतात, मग त्या प्रत्येक पुडीचा प्रभाव किती धरायचा? आकड्यांची शिडी वर ताणून मधले अंतर वाढवणे हाच सरळ मार्ग दिसतो. मात्र प्रत्येक जादा पायरीमागे खेळाडू विभागले जातात आणि सामना जुळायला वेळ लागतो, म्हणून ती शिडी ताणली जाते तीही जपूनच.

विश्रामबागेतल्या त्या मुलाने सध्या उंची गाठणे सोडले आहे. सेबर घेऊन तो डोंगरांच्या आडोशाने, दरीतून जातो आणि कानात इशारा वाजायच्या आत कडा मध्ये घेतो.