मोठ्या आतड्यातील कर्कपूर्व पॉलिप

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या आतल्या अस्तरावर पेशींची जादा वाढ होऊन जो उंचवटा तयार होतो, त्याला पॉलिप म्हणतात. काही पॉलिप देठावर उभ्या अळिंबीसारखे असतात, तर काही इतके पसरट असतात की अस्तराच्या घडीतून ते वेगळे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. गुदाशयाजवळ आढळणारे बारीक हायपरप्लास्टिक (पेशींत विकृती नसलेले) पॉलिप सहसा निरुपद्रवी असतात. कर्कपूर्व, म्हणजे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणारे, मानले जातात ते मुख्यतः ॲडिनोमा (अस्तरातील ग्रंथीपेशींची गाठ) आणि दंतुर (करवतीच्या दातांसारख्या) पेशीरचनेचे पसरट पॉलिप. यांतील दुसरा प्रकार बहुधा आतड्याच्या उजव्या भागात आढळतो.

बहुतेक ॲडिनोमांचा कर्करोग कधीच होत नाही. मात्र मोठ्या आतड्याचे बहुसंख्य कर्करोग अशाच एखाद्या पॉलिपातून सुरू होतात. एपीसी, केआरएएस, टीपी५३ अशा जनुकांत एकामागून एक बिघाड साठत जाऊन हा बदल होतो, अशी मांडणी फिअरन आणि व्होगेलस्टाइन या संशोधकांनी १९९० मध्ये केली. या वाटचालीला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि रोग होण्याआधीच त्याला अडवण्याची संधी याच काळात मिळते. १० मिलिमीटर वा त्याहून मोठा आकार, रसांकुरांसारखी (बोटांसारख्या उंचवट्यांची) रचना किंवा पेशींतील तीव्र विकृती यांपैकी काहीही आढळल्यास त्या ॲडिनोमाला ‘प्रगत’ म्हणतात.

वाढते वय हा सर्वांत मोठा जोखीम घटक आहे. पन्नाशीनंतर ॲडिनोमांचे प्रमाण ठळकपणे वाढते आणि पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा अधिक असते. आईवडील, भावंडे किंवा मुले यांच्यापैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असल्यास जोखीम वाढते, म्हणून अशा व्यक्तीची तपासणी चाळिसाव्या वर्षी किंवा नातेवाइकाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर असेल तेव्हा, सुरू करावी असा सर्वसाधारण सल्ला असतो. आनुवंशिक विकारांत चित्र याहून गंभीर असते. एपीसी जनुकाच्या जन्मजात दोषामुळे होणाऱ्या कौटुंबिक पॉलिपविकारात किशोरवयापासून शेकडो पॉलिप उगवतात आणि आतडे काढले नाही तर कर्करोग जवळजवळ अटळ असतो. लिंच या दुसऱ्या आनुवंशिक विकारात पॉलिप थोडेच असतात, पण त्यांचे कर्करोगात रूपांतर फार झपाट्याने होते. म्हणून विशीपासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) करावी लागते.

धूम्रपान, मद्यपान, पोटावरची चरबी, टाइप-२ मधुमेह आणि बैठे जीवन हे घटक टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोगे आहेत. धूम्रपानाचा संबंध दंतुर पॉलिपांशी विशेष घट्ट आहे. प्रक्रिया केलेले मांस आतड्याच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये दिला. तरीही शाकाहारी माणसाने स्वतःला सुरक्षित समजू नये, कारण वरील बाकीचे घटक त्यालाही लागू पडतात.

पॉलिप दुखत नाही आणि बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही. झिरपणारे रक्त डोळ्यांना दिसत नाही आणि कधीकधी केवळ लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय हीच खूण असते. रक्त दिसलेच तर आपल्याकडे ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम आणि चूर्ण यांवर महिनोन्‌महिने घालवले जातात. मूळव्याध खरोखर असली, तरी तिच्या वर आतड्यात पॉलिप नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही, ही गोष्ट रुग्णाला स्पष्टपणे सांगायला हवी. अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण जोखमीच्या व्यक्तींचीही तपासणी ४५ व्या वर्षापासून करण्याची शिफारस आहे. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरसकट तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी.

शौचातील अदृश्य रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी घरी नमुना घेऊन करता येते आणि तिला पथ्य लागत नाही. कर्करोग ती चांगला पकडते, पण पॉलिपातून रक्त सतत येत नसल्याने एका वेळच्या चाचणीत निम्म्याहून अधिक प्रगत ॲडिनोमा निसटतात. म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. ती सकारात्मक आल्यास पुढची पायरी कोलोनोस्कोपीच असते, पुन्हा ‘फिट’ नव्हे. सीटी स्कॅनद्वारे आतड्याची प्रतिमा काढता येते, पण पसरट पॉलिप तीत दिसत नाहीत असे अनेकदा घडते.

कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसताच तो काढताही येतो. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी १९६९ मध्ये दुर्बिणीतून तारेच्या फासाने पॉलिप काढण्याची पद्धत सुरू केली. तपासणीचे यश मात्र आतडे किती स्वच्छ आहे यावर ठरते. जुलाबाचे औषध निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे त्याच दिवशी पहाटे घेतल्यास उजवी बाजू अधिक स्वच्छ होते. शौच फिकट पिवळ्या पाण्यासारखे येऊ लागले की तयारी झाली असे समजावे. दुर्बीण लहान आतड्याच्या तोंडापर्यंत नेल्यानंतर खरा शोध परत बाहेर येताना घेतला जातो आणि त्याला किमान सहा मिनिटे द्यावीत असा दंडक आहे. डॉक्टरांना ॲडिनोमा सापडण्याचे प्रमाण जितके जास्त, तितका त्यांच्या रुग्णांत पुढे कर्करोग कमी आढळतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे.

काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि पुढची तपासणी कधी करायची हे त्या अहवालावरून ठरते. अमेरिकी तज्ज्ञ संघटनांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १० मिलिमीटरहून लहान एक-दोन ॲडिनोमा असतील तर सात ते दहा वर्षांनी, प्रगत ॲडिनोमा असेल तर तीन वर्षांनी आणि दहापेक्षा जास्त ॲडिनोमा असतील तर एका वर्षाने पुन्हा कोलोनोस्कोपी केली जाते.