आघातसजग मार्गदर्शन (किशोर व युवकांचे)

हिंसा, लैंगिक अत्याचार, पालकांचा मृत्यू, परित्याग अशा अनुभवांतून गेलेल्या मुलामुलींना घराबाहेरच्या विश्वासू प्रौढाने दीर्घकाळ व नियमितपणे दिलेली सोबत. त्या अनुभवांचा वर्तनावर होणारा परिणाम ओळखून ती दिली जाते. हा मानसोपचार नव्हे. कार्यकर्ते सर्रास ‘मेंटॉर’ म्हणतात. मुले ताई किंवा दादा म्हणतात.

पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिले मत तिचे मूळ चिकित्सालयात शोधते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या ‘शेल शॉक’विषयी (युद्धाच्या धक्क्याने जडणाऱ्या मानसिक विकाराविषयी) चार्ल्स मायर्स यांचे लेखन (१९१५), अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर ताणविकृतीचा (पीटीएसडी) समावेश (१९८०) आणि दीर्घ अत्याचारातून उद्भवणाऱ्या जटिल विकृतीची ज्यूडिथ हर्मन यांची मांडणी (१९९२) असा क्रम ते लावते. दुसरे मत बालन्यायालयाकडे जाते. शिकागोचे बालन्यायालय १८९९ चे. न्यू यॉर्कच्या बालन्यायालयातील अधिकारी अर्नेस्ट कोल्टर यांनी १९०४ च्या सुमारास खटल्यातील मुलांसाठी प्रौढ सोबती मिळवण्याची खटपट केली व तीतून ‘बिग ब्रदर्स’ चळवळ वाढली. सोबतीची चौकट पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘आघातसजग’ हा दृष्टिकोन त्या चौकटीत फार उशिरा, बहुधा मॅक्सीन हॅरिस व रॉजर फॅलॉट यांच्या २००१ च्या ग्रंथानंतर, शिरला. गुरुशिष्यपरंपरेशी या पद्धतीचे नाते सांगणे भाषणांत शोभते. तेथे आज्ञापालन गृहीत असते, येथे नकार देण्याचा हक्क मुलाकडे असतो.

सैद्धांतिक आधारांपैकी फेलिटी व अँडा यांचा बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरील निबंध (१९९८) सर्वाधिक उद्धृत होतो. त्यात अनुभवांचे ७ प्रकार होते, पुढे ते १० झाले. या प्रकारांची बेरीज लोकसमूहांच्या अभ्यासासाठी आहे, एकेका मुलाला गुण देण्यासाठी नाही, असा इशारा खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये दिला. प्रशिक्षण शिबिरांत तरीही प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. भीती व सुरक्षिततेची भावना व्हेगस या मज्जातंतूशी जोडणाऱ्या स्टीफन पोर्जेस यांच्या ‘पॉलीव्हेगल’ सिद्धांताचा (१९९४) शरीरशास्त्रीय पाया वादग्रस्त आहे. त्याच्यावाचून या पद्धतीचे काही अडत नाही.

प्रत्यक्ष कामात भेटीचा वार व जागा ठरलेली असते. घडलेली गोष्ट मुलाने काढल्याशिवाय मार्गदर्शक विचारत नाही. सोबत संपणार असल्यास ते आधी सांगितले जाते. ग्रॉसमन व ऱ्होड्स यांच्या २००२ च्या अभ्यासात वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या मार्गदर्शक-मूल जोड्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ दिसला, तर लवकर तुटलेल्या जोड्यांत काही बाबतींत घसरण आढळली. अर्धवट सोबत निरुपद्रवी नसते.

भारतात मार्गदर्शकाला गुप्ततेचे सरसकट वचन देता येत नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. दुसरीकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे कलम ७४ मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. म्हणून अनुभवी कार्यकर्ते ही मर्यादा पहिल्याच भेटीत, सोप्या शब्दांत सांगतात. याच अधिनियमात बालगृह सोडलेल्या १८ ते २१ वयाच्या युवकांसाठी अनुरक्षणाची (संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) तरतूद आहे; पूर्वीचा सोबती टिकून राहण्याची खरी गरज याच वयात भासते.

नाशिकमध्ये ही पद्धत स्वतंत्र नावाने क्वचितच दिसते. तिचे अंश उंटवाडीच्या निरीक्षणगृह-बालगृहाशी संबंधित परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, बाल कल्याण समिती आणि आश्रमशाळांचे अधीक्षक-अधीक्षिका यांच्या कामात विखुरलेले आढळतात. आश्रमशाळा ज्याच्या अखत्यारीत येतात ते आदिवासी विकास आयुक्तालय शहरातच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील अनेक मुले घरी कोकणा किंवा वारली बोलतात आणि भीतीविषयीचे शब्द त्यांच्याकडे प्रमाण मराठीत नसतात. दुसरी अडचण हंगामाची. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत भेटी थांबतात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणीसाठी (फळे धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या वेलींच्या छाटणीसाठी) पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात. काही मुलेही त्यांच्याबरोबर जातात. वेळापत्रक जूनमध्ये, शाळा उघडताना, या खंडांसकट आखले तर ठरलेला वार पाळता येतो.